न दाबलेला ^C

भूतं, करणी, अंगात येणं... यातलं मी काहीच मानत नाही. मी येळ्ळूर गावची, पण दिवस जातो कॉम्प्युटरसमोर. तिथं प्रत्येक गोष्टीला कारण असतं. निदान त्या दुपारपर्यंत असायचं.

बेळगावात कॅम्पजवळच्या ऑफिसात बसून मी लांबच्या कारखान्यांचे कॉम्प्युटर रिमोट लॉगिननं सांभाळते. त्या दुपारी निपाणीच्या एका तंबाखू युनिटची तक्रार होती – बॅकस्पेस दाबलं की अक्षर पुसायच्या ऐवजी ^H उमटतंय. नेहमीचंच दुखणं. कीबोर्डवरच्या अशा काही कळा म्हणजे अक्षरं नसतात, हुकूम असतात. सेटिंग बिघडलं की हुकूम पाळला जात नाही, नुसता छापला जातो. ^C हा तसाच एक हुकूम – चालू प्रोग्राम थांबव.

तिथले ऑपरेटर भूपाल अण्णा. त्यांना फोन केला.

"अण्णा, मशीन बंद हाय न्हवं?"

"व्हय गं. रोलरात देठं अडकल्यात, तेवढी काढतो. तू कर तुझं."

फोन ठेवला. समोर मशीनचा प्रोग्राम उघडा होता; मशीन थांबलेलं असलं तरी तो चालूच असतो. आणि स्क्रीनवर उमटलं – ^C

मी कशालाच हात लावला नव्हता.

^C^C^C^C^C... ओळच्या ओळ भरत चालली. मी कीबोर्डची वायर उपसली. तरी थांबेना! लॅपटॉपच्या कळांवरून दुसरी खिडकी उघडून पाहिलं – लॉगिन माझं एकटीचंच. अण्णांना फोन लावला, नुसती रिंग. कुणीतरी जीव तोडून 'थांबव' म्हणतंय, एवढंच डोक्यात आलं. दुसऱ्या खिडकीतून पहिल्या खिडकीतल्या लॉगिनचं सेटिंग मी मूळपदावर आणलं. पुढचा ^C आपोआपच आला... आणि या वेळी पाळला गेला. प्रोग्राम बंद. प्रोग्राम बंद झाला की मशीनची मुख्य वीजच तुटते.

मग तिकडून फोन आला. तिथं काम करणाऱ्या सुशीला आक्का किंचाळत होत्या.

"मशीन आपसूक चालू झालं गं! अण्णाचा हात खाल्ला त्यानं!"

मी तशीच निपाणीला गेले, तेव्हा अण्णांना मशीनमधून सोडवणं चालूच होतं. रोलरनं हात खांद्यापर्यंत ओढला होता. चिपाडासारखा पिळून निघालेला. कातडी सोलून दात्यांना गुंडाळलेली, जबडा पत्र्यावर आपटून फुटलेला, खालच्या तंबाखूचा रक्तानं लगदा झालेला. कानाची पाळी रोलरनं तोडली होती आणि तिथंच तो थांबला होता. अजून अर्धा वळसा, आणि डोकं गेलं असतं.

मोटर कशी सुरू झाली ते सापडलं – पॅनेलमधला मोटर चालू-बंद करणारा रिले जळून चिकटला होता. पण ^C? तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप होतं, किल्ली अण्णांच्याच खिशात. रेकॉर्ड सांगतं की सगळे ^C माझ्याच लॉगिनमधून गेले. जाणकारांना दाखवलं, त्यांनाही कारण सापडलं नाही.

हात खांद्यातून काढावा लागला. बोलता यायला लागल्यावर अण्णा म्हणाले, "म्या तुझंच नाव घिऊन वरडत हुतो. बंद कर, बंद कर म्हून. फोन तर लांब टेबलावर ऱ्हायलेला... तू ऐकलीस न्हवं?"

"व्हय, अण्णा," मी म्हणाले.

मी खरं बोलले की खोटं, ते मला अजून कळलेलं नाही.