व्हर्लिनची न बिघडणारी रायफल

व्हर्लिन स्टेंगलची रायफल मॅचच्या दिवशी बिघडणार, हे आमच्या नेमबाजीच्या क्लबात सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं असायचं. महिन्यातला दुसरा शनिवार, पश्चिम नेब्रास्काचा तो डोकं उठवणारा वारा, आणि तिसऱ्या नाहीतर चौथ्या फेरीत व्हर्लिनची रायफल ठप्प. नवखे लोक हळहळायचे. आम्ही जुने मुकाट्याने आपापली पाने-पकडींची पेटी उघडायचो.

मी नोरीन. या क्लबात मी पंच आहे. नेमबाजाच्या मागे टायमर घेऊन उभं राहायचं आणि कुणी चुकीच्या दिशेला नळी फिरवली की ओरडायचं, हे माझं काम. ओरडणं मला चांगलं जमतं. माझा नवरा मला सोडून ॲरिझोनाला गेला तेव्हा जाताना हेच म्हणाला होता. गेला तर गेला. घरात टीव्हीचा रिमोट आता जिथे ठेवते तिथे सापडतो.

व्हर्लिनने सगळं आयुष्य शाळेची बस चालवली. बीटच्या शेतांमधल्या कच्च्या रस्त्यांवरून, बर्फात, चिखलात, मागे पोरांचा कल्ला घेऊन. आमच्या क्लबातली निम्मी माणसं लहानपणी त्याच्या बसमधून शाळेत गेलेली. बियाण्यांचा विक्रेता ट्रेंट कोझल आता स्वतः टकला झालाय, पण अजून त्याला ‘मिस्टर स्टेंगल’ म्हणतो आणि समोर असला की च्युइंगगम तोंडातून काढून टाकतो. व्हर्लिनची बायको आर्लिस वारली, त्याच वर्षी तो निवृत्त झाला. मुलगा ओरेगॉनला. त्या वर्षाच्या शेवटी व्हर्लिन क्लबात आला तो एक जुनी रायफल घेऊन, आणि त्या रायफलवर तो गॅस ब्लॉक होता.

हा ब्लॉक म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गोळी सुटते तेव्हा नळीतला थोडा गॅस एका बारीक भोकातून मागे येतो आणि बोल्टला ढकलतो. बोल्ट मागे जातो, रिकामं काडतूस फेकतो, येताना नवी गोळी चढवतो. त्या भोकावर बसवलेला लोखंडी तुकडा म्हणजे गॅस ब्लॉक. आमच्यासारखे स्पर्धेतले लोक त्याला स्क्रू असलेला ब्लॉक लावतात. शेगडीच्या बटणासारखं आहे ते. स्क्रू आवळला की गॅस कमी, धक्का कमी, रायफल खांद्यावर नुसती थरथरते आणि दुसरा नेम पटकन लागतो. पण जास्त आवळला की गॅस पुरत नाही, बोल्ट अर्ध्यात थांबतो, आणि तुम्ही टायमर चालू असताना बोंबलत बसता.

व्हर्लिनचा ब्लॉक कुठल्यातरी स्वस्तातल्या कंपनीचा होता. त्याचा स्क्रू हादऱ्याने आपला आपण फिरायचा, आणि फिरला नाही तर काजळीने असा धरून बसायचा की पान्याचीच कड झिजायची.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाची रायफल बिघडली तर त्याला तसंच घरी जाऊ द्यायचं नाही. मैदानाच्या कडेला एक टेबल आहे, तिथे गोळी न्यायला बंदी. रिकामी रायफल फक्त तिथेच उघडायची. व्हर्लिन आपला पिकअप मुद्दाम त्या टेबलाला लागून उभा करायचा. रायफल टेबलावर यायची, पिकअपचा मागचा फाळका खाली पडायचा, आणि सगळा गट गोळा व्हायचा. कुणाकडे काजळी विरघळवायचं तेल, कुणाकडे स्क्रू फिरवायची षटकोनी ॲलन की.

“मिस्टर स्टेंगल, हा तुमचा ब्लॉक नाही, माझी सासू आहे,” ट्रेंट म्हणायचा. “मनात आलं तर हलणार, नाहीतर तुम्ही डोकं आपटा.”

“सासूला तेल घालून बघ,” डेलिया रुईझ म्हणायची. ती साखर कारखान्यात वेल्डिंग करते, आणि बोलतेही तसंच, ठिणग्या उडवत. “सरक तिकडे. बघू दे मला.”

आणि व्हर्लिन फाळक्यावर बसून कॉफी ओतत असायचा. त्याच्याकडे मोठ्या भांड्यात राजमा-खिम्याची चिली असायची आणि डबाभर दालचिनीचे रोल. आर्लिसच्या हाताचे मऊ असायचे, याचे जरा दडस. पण आम्ही खायचो. स्क्रू सुटला की मैदानावर जाऊन परीक्षा. मॅगझिनमध्ये एकच गोळी भरायची आणि झाडायची. बोल्ट मागे जाऊन तिथेच अडकून राहिला तर गॅस पुरेसा. पुढे सरकला तर स्क्रू अजून उघडायचा. बोल्ट अडकला की ट्रेंट आरोळी ठोकायचा, व्हर्लिन सगळ्यांचे हात हातात घ्यायचा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

तर एका हिवाळ्यात ट्रेंटने ठरवलं की पुरे झालं. वर्गणी काढायची आणि मिस्टर स्टेंगलना खात्रीचा ब्लॉक घेऊन द्यायचा.

गुरुवारी संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये बैठक बसली. ट्रेंटला टायटेनियमचा हवा होता, कारण तो हलका.

“हलका कशाला?” डेलिया म्हणाली. “रायफल घेऊन पळून जायचंय का त्यांना? स्टीलचा घ्या. काजळी आणि उष्णता तोच सोसतो. आणि स्क्रूला खटके पाहिजेत. एकेक खटका हाताला कळला पाहिजे, म्हणजे हादऱ्याने फिरणार नाही. आणि फिरवायचा तो समोरून, ॲलन की आत घालून. दर वेळी नळीवरचं आवरण कोण काढत बसणार?”

“बरोबर,” ट्रेंट म्हणाला. “आणि नळीवर नुसता आवळायचा नाही. आरपार पिन ठोकायची. भोकावरून केसभर सरकला तरी सगळं मुसळ केरात.”

“आणि थंडीसाठी दोन खटके जास्त उघडा ठेवायचा,” मी म्हटलं. “बेतास बात ठेवला की जानेवारीत रडतो.”

ठरलं असं वाटलं. तेवढ्यात व्हर्लिनने घसा खाकरला. “तो एक प्रकार असतो ना,” तो म्हणाला, “जास्तीचा गॅस बाहेर सोडून देणारा? त्याचा विचार नाही केला आपण.”

झालं. त्यावर दीड तास. पुढच्या गुरुवारी स्टीलवर पुन्हा एकमत झालं, तर हा म्हणाला, टायटेनियमचं ट्रेंट म्हणत होता, त्यातही तथ्य असेल. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणाला, जुनाच नीट साफ केला तर? दर वेळी रोलचा डबा होताच. मला वाटलं म्हातारा घोळ घालतोय. शेवटी मी टेबलावर हात आपटला आणि म्हटलं, “व्हर्लिन, तुला बायको शोधत नाही आहोत आम्ही. डेलिया म्हणते तो घ्या आणि मोकळे व्हा!”

सगळे हसले. व्हर्लिन म्हणाला, “बरं. तसं करा.”

डेलियाने आपल्या गॅरेजमध्ये तो बसवला. जुन्या ब्लॉकला आच देऊन उपटून काढला, नळी घासली, नवा बसवून पिन ठोकली. व्हर्लिन दिवा धरून उभा होता. काम झालं तेव्हा त्याने जुना ब्लॉक मागून घेतला आणि खिशात टाकला.

नवा ब्लॉक खरोखरच उत्तम निघाला. एप्रिलमध्ये रायफल थांबली नाही. मेमध्ये अशी धूळ उडाली की माझ्या दातांत वाळू, तरी थांबली नाही. व्हर्लिनचं नाव निकालाच्या यादीत तळाशी असायचं, ते मधोमध आलं.

आणि टेबलाशी कुणी जाईना. जाणार कशाला? लोक लांबूनच हात करायचे.

“कशी चाललीय, मिस्टर स्टेंगल?”

“छान.”

“बघा! सांगितलं होतं ना!” आणि ट्रेंट आपल्या वाटेने.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात व्हर्लिन फाळक्यावर एकटा बसायचा. पिकअपमध्ये घडीच्या चार खुर्च्या होत्या. आधी तो त्या काढून मांडायचा, मग मांडेनासा झाला. संध्याकाळी निघताना तो भरलेला डबा माझ्या हातात द्यायचा. “घेऊन जा नोरीन, घरी वाळून जातील.” मी घेऊन यायचे आणि स्वयंपाकघरात उभ्याने एखादा खायचे. खरं सांगायचं तर मला त्याचा रागच यायचा. बोलता येत नाही का माणसाला? शेजारी जावं, चार गोष्टी कराव्यात. सगळ्या गावाला ज्याने शाळेत पोचवलं, त्याला कोण नाही म्हणणार होतं? पण मी तरी कुठे गेले होते त्याच्याकडे? मला वेळ नव्हता असं मी म्हणायचे. माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं, फक्त वेळच होता.

ऑगस्टच्या मॅचला तो माझ्यासमोर उभा राहिला. त्याआधी मी त्याला टेबलाशी पाहिलं होतं, नळीच्या तोंडाकडून ॲलन की घालून खटके फिरवताना. बारीक काहीतरी जुळवत असेल असं वाटलं.

“तयार?” मी विचारलं. त्याने मान हलवली. टायमर वाजला.

पहिली गोळी सुटली, निशाणाची लोखंडी पाटी वाजली, आणि बोल्ट जागचा हलला नाही. व्हर्लिनने हाताने ओढला. दुसरी गोळी, पुन्हा ठप्प. सगळी फेरी त्याने अशी हाताने ओढत पुरी केली, जराही घाई न करता. मागे गटात कुजबुज सुरू झाली होती. रायफल रिकामी करून मला दाखवताना त्याचा चेहरा मी पाहिला. बस वेळेवर स्टॉपला आल्यावर असतो तसा शांत होता.

तो टेबलाकडे गेला. रायफल ठेवली, फाळका पाडला, डबा उघडला, कपांची चवड काढली. खुर्च्याही मांडल्या.

“मिस्टर स्टेंगल!” ट्रेंट लांबून ओरडला. “अजिबात काळजी करू नका! त्या ब्लॉकला आयुष्यभराची हमी आहे. पाठवून द्या कंपनीला, नवा देतील!” आणि तो पळत आला, ते मला वाटलं बसायलाच. पण त्याच्या हातात त्याची दुसरी रायफल होती. “ही घ्या माझी. मॅच पुरी करा. परत द्यायची घाई नाही.” व्हर्लिनच्या पाठीवर थाप मारून तो तसाच पळाला, कारण पुढच्या फेरीत त्याचं नाव पुकारलं होतं. डेलियाने दुरून विचारलं, “पिन सैल झाली का? बघते हां नंतर!” मग तिचंही नाव पुकारलं गेलं.

कुणाचंच चुकलं नव्हतं. याहून चांगलं ते काय वागणार होते? व्हर्लिन ट्रेंटची रायफल घेऊन चार रिकाम्या खुर्च्यांसमोर उभा राहिला.

मी टायमर दुसऱ्या पंचाच्या हातात कोंबला आणि तिकडे गेले.

“स्क्रू पूर्ण बंद केलास तू,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. “कळलं होय?”

“पंच आहे मी. आंधळी नाही.”

त्याने ॲलन की काढली आणि न बघता खटके मोजत स्क्रू होता तिथे आणला. मला माहीत असलेल्या कुणाहीपेक्षा लवकर.

“येतंय की तुला! मग ती इतकी वर्षं आमची डोकी का खाल्लीस?”

“पहाटेच्या थंडीत बस बंद पडली तर कोण दुरुस्त करणार होतं?” तो म्हणाला. “मीच.”

“अरे, मग सांगायचं त्यांना. या, बसा म्हणायचं. नाही म्हणतील का?”

“नाही म्हणणार नाहीत. येतील. पाच मिनिटं बसतील, घड्याळ बघतील.” त्याने की पुसून खिशात टाकली. “नुसतं बसायला कोण येतं, नोरीन? माणूस कामाला येतो. काम असलं की बसतो. आर्लिस गेली तेव्हा चार दिवस सगळे आले. नंतर माझ्याकडे काही काम नव्हतं.”

त्याने सवयीने कपात कॉफी ओतली, माझ्यापुढे धरली आणि मनापासून विचारलं, “तुझं काय बिघडलंय?”

काही नाही, असं मी म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

“स्वयंपाकघरातला नळ,” मी म्हटलं. “सारखा गळतो. वैताग आणलाय. गुरुवारी येशील?”

“येतो,” तो म्हणाला.

माझा नळ आयुष्यात कधी गळला नव्हता. गुरुवारी दुपारचं जेवण झाल्यावर मी पाना घेऊन सिंकखाली शिरले, नट ढिला केला, वरचा वॉशर काढून उलटा बसवला. गुडघे मोडून आले. तासाभराने ठिबक सुरू झाली, तेव्हा मी केस नीट केले आणि दार उघडं ठेवलं.

व्हर्लिन आला तो पेटी घेऊन. टोपी काढली, सिंकखाली वाकला, टॉर्च लावला. नटावर पान्याचे ताजे ओरखडे चमकत होते, ते मला उभ्यानेही दिसत होते. त्याने ते पाहिले. मग डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. मी भांडी पुसत होते, तीच ती.

त्याने पेटी उघडली आणि एकेक पाना काढून फरशीवर ओळीने मांडायला घेतला.

“बघ बाई,” तो म्हणाला, “हे काम सावकाशीचं दिसतंय. सगळी दुपार जाईल याला.”