अक्काला दिलेला लॅपटॉप

धारवाडला माझी अक्का कॉम्प्युटरवर कसुती भरतकामाची डिझाइनं करते. काही न विचारता मी तिला महागडा मॅक लॅपटॉप नेऊन दिला, वर कौतुकही करून घेतलं. तिचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, हे विचारायची अक्कल मला कुठं होती! दिवाळीला गेलो, तर मॅक तिनं स्वतः भरलेल्या कसुतीच्या कव्हरात, अन् काम जुन्याच कॉम्प्युटरवर. मला मान वर करवेना. तिथंच बसून मॅकच्या आत विंडोज बसवलं. तिचं सॉफ्टवेअर उघडलं, पण रडतखडत.

"चालतंय की रे," अक्का म्हणाली.

सकाळी उठून बाहेर आलो. ती जुन्या कॉम्प्युटरवर काम करत होती. मला बघताच तिनं घाईघाईनं स्क्रीनवर टॉवेल टाकला.