शिलाई मशीनवरचं 'सप्रेम भेट'

मंडळी, हिंगोलीच्या नेट कॅफेत बसलेय. इथूनच गटातल्या सगळ्यांना हे लिहितेय.

अत्याचार झालेल्या त्या पोरीसाठी आपण सगळ्यांनी मिळून शिलाई मशीन घेतली, आठवतंय ना? ती साखऱ्याला मावशीकडे लपून राहत होती. परवा आपल्या इथल्या गोरेगावहून जीपच्या टपावर मशीन पाठवली. त्याआधी मीच पेंटर बोलावून लाल अक्षरांत लिहून घेतलं, 'पीडित भगिनीस सप्रेम भेट', आणि खाली आपल्या गटाचं नाव. लग्नात दिलेल्या पातेल्यावरसुद्धा आपण नाव घालतोच की!

स्टँडवर सगळ्यांनी ते वाचलं, जीप कुठं चालली तेही पाहिलं.

आज सकाळी आरोपीचे दोघं भाऊ कुऱ्हाड घेऊन थेट त्या घरात घुसले. मशीन फोडली. मधे पडलेल्या मावशीचा हात कुऱ्हाडीच्या दांड्यानं मोडला. पोरीला झिंज्या धरून अंगणात फरपटत आणलं आणि 'तक्रार मागं घे' म्हणत तोंडावर लाथा घातल्या. शेजारी धावले म्हणून ती जिवंत आहे.

दवाखान्यात तिच्याजवळ गेले. फुटलेल्या ओठांनी ती म्हणाली, "ताई, मशीन तर पायजेच होती. पन त्याच्यावर तुमचं नाव काहून लिहिलं?"

तिचा प्रश्न जसाच्या तसा तुम्हाला पाठवतेय. मशीन तुम्हीही दिलीय. तुम्ही काय सांगाल तिला?