एक गोष्ट राहिलीच

"ताई, एक गोष्ट राहिलीच."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून समोर बसून एकदाच ऐकलं. एरवी ते दारातून यायचं. आमच्या भूगोल विभागात ते सर्क्युलर घेऊन यायचे, सही घ्यायचे, नमस्कार करून जायचे. पायांचा आवाज अर्ध्या जिन्यापर्यंत जायचा, थांबायचा आणि परत वर यायचा. मग दारात ते उभे. एक हात चौकटीवर, दुसरा शर्टाच्या खिशावर, आणि चेहऱ्यावर घरी गॅस चालू राहिल्यासारखी काळजी.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे मी लखनौला आले आणि तिथल्या एका विद्यापीठात शिकवू लागले. हे गृहस्थ अकादमिक विभागात सहायक कुलसचिव होते. परीक्षा, अभ्यासक्रम, प्रवेश यांबद्दलची सगळी सर्क्युलरं त्यांच्या टेबलावरून निघायची. ती वाटायला शिपाई होता, पण यांचा शिपायावर भरवसा नव्हता. खरं सांगायचं तर आमच्यावरही नव्हता.

घर आमच्या शेजारीच, तेलीबागेत. आजोबांच्या काळापासून कुटुंब लखनौतलं, त्यामुळे मराठी हिंदीत भिजलेलं. "ताई, घाबरू नका, पण टेन्शन तर आहे," असं म्हणूनच ते बोलायला सुरुवात करायचे. इतरांसमोर मी 'मॅडम', एकटी असले की 'ताई'.

आता तुम्हाला वाटेल, दारातून परत येऊन ते दरवेळी काहीतरी मोलाचं सांगत असतील. छे! "सही काळ्या शाईत बरं का, निळी नको." "मीटिंगला जाताना स्वेटर न्या, त्या हॉलमध्ये फार गारठा असतो." एकदा तर परत येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "मघाशी मी नमस्कार केला होता ना?"

पण मधूनच ते असं काही सांगायचे की त्या अगम्य सरकारी हिंदीचा अर्थ लख्ख व्हायचा. सर्क्युलरमध्ये असायचं, 'यथोचित कार्यवाही सुनिश्चित की जाए.' दारातून यायचं, "अर्ज सोमवारी द्या, मंगळवारी साहेब सुट्टीवर आहेत." त्यामुळे व्हायचं ते झालं. आम्ही सर्क्युलर वाचणंच सोडून दिलं. सही करायची आणि जिन्याकडे कान लावून बसायचं. सगळ्या विभागांत हीच रीत पडली होती. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे निर्धास्त असतात.

घरीही तीच तऱ्हा. भाजीवाल्याला "भैया, एक बात और" म्हणून चार घरं पुढून परत बोलवायचे, आणि सांगायचे काय, तर "कल भी आना." वहिनी म्हणायच्या, "अहो, आमचे सात फेरे झाले तरी हे भटजींना विचारायला परत गेले, काही राहिलं तर नाही ना?" यावर ते गंभीरपणे म्हणायचे, "विचारलेलं बरं असतं यार. नंतर कुठे शोधणार भटजीला?"

त्या वर्षी आमच्या विभागात एम.ए. नुकतंच सुरू झालं होतं. पहिल्या वर्षाला बहुतेक मुली होत्या, आजूबाजूच्या लहान गावांतून घरच्यांशी भांडून आलेल्या. दुसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम विद्वत्परिषदेत मंजूर झाला नसता, तर दुसरं वर्ष सुरूच होणार नव्हतं. मुली अर्ध्यावर लटकल्या असत्या, आणि त्यांतल्या कितीतरी एकदा घरी गेल्या की पुन्हा परत आल्या नसत्या. मी त्यांना शिकवत होते, म्हणून ती भीती माझ्या पोटात कायमची बसली होती.

आणि त्याच संदर्भातलं सर्क्युलर घेऊन ते आले. त्या दिवशी त्यांना दम लागला होता. कधी न बसणारा माणूस खुर्चीवर बसला, पाणी प्यायला, सही घेऊन उठला. पावलं जिन्यावर गेली. आम्ही वाट पाहिली. पावलं परत आली नाहीत.

"नहीं आए?" आमचे हेड सर हसून म्हणाले. "मतलब रूटीन है. फ़ाइल कर दीजिए."

मी कागदावरून नजर फिरवली. अभ्यासक्रम 'नियमानुसार संस्तुत' करून, म्हणजे शिफारस करून, परिषदेत मांडावा, एवढंच होतं. आमचा तर तयारच होता. कागद फाइलला लागला.

दुसऱ्या दिवशी कळलं, ते हॉस्पिटलमध्ये आहेत. छातीत कळ आली होती. काही दिवस कुणाला भेटूच देत नव्हते. भेटायची परवानगी मिळाली त्या दुपारी मी वहिनींसाठी डबा घेऊन गेले. "बोलायचं नाही, नुसतं बसायचं," वहिनींनी मला बजावलं.

मी बसले. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि हात आपोआप छातीवरच्या नसलेल्या खिशाकडे गेला.

"ताई, एक गोष्ट राहिलीच."

"अहो, गप्प पडा ना!" वहिनी रडकुंडीला आल्या.

"बाहेरच्या एक्स्पर्टची सही," ते थांबत थांबत म्हणाले. "अभ्यासक्रमावर. कागदात नुसतं 'नियमानुसार' आहे, कुणाला काय समजणार? सही नसेल तर परत करतील. परिषद उद्या आहे ना?" थोडा श्वास घेऊन म्हणाले, "मी येत होतो परत. जिन्यात वळलो पण होतो. मग चढवेनाच."

आमचे एक्स्पर्ट म्हणजे एक निवृत्त प्रोफेसर; त्यांनी फोनवर होकार दिला होता, तेवढं पुरे असं आम्ही धरून चाललो होतो.

हॉस्पिटलबाहेरच्या पीसीओवरून हेड सरांना फोन केला. "अरे बाप रे," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि स्कूटरवर फाइल घेऊन निघाले. मी टेम्पो, म्हणजे तिथल्या शेअर रिक्षा, बदलत बदलत शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विकास नगरला त्यांच्या घरी निघाले. प्रत्येक चौकात टेम्पो अडकत होता. म्हातारे प्रोफेसर घरी नसतील तर? ते मुलीकडे जायचे होते, निघून गेले असतील तर? डोळ्यांसमोर वर्गातली बाकं रिकामी दिसत होती.

प्रोफेसर घरी होते, पण सामान दारात बांधून ठेवलेलं. "बिना पढ़े तो मैं साइन नहीं करता," म्हणून ते चष्मा लावून बसले आणि पानं उलटू लागले. सायकलरिक्षावाला बाहेर घंटी वाजवत होता. हेड सर घाम पुसत होते. अखेर प्रोफेसरांनी प्रत्येक पानावर सही केली. काळ्या शाईत, कारण पेन मी माझं पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी अभ्यासक्रम मंजूर झाला. संध्याकाळी मी हॉस्पिटलमध्ये सांगायला गेले. त्यांनी डोळे मिटूनच ऐकलं. "मुलींना सांगितलं?" विचारलं. हो म्हटल्यावर म्हणाले, "बरं झालं. आता काही राहिलं नाही." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण उगीचच धस्स झालं. त्यांच्या तोंडी हे वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याच आठवड्यात ते गेले.

अकादमिक विभागाचा शिपाई शोकसभेचं सर्क्युलर घेऊन आला. मी शब्दन् शब्द वाचला. जागा, वेळ, सगळं स्पष्ट होतं. आम्ही सह्या केल्या आणि शिपाई गेला. मी फाइल काढायला उठले, तसे हेड सर हलक्या आवाजात म्हणाले, "रुकिए ज़रा. बैठिए."

आम्ही बसलो. थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली, वर येणारी. आम्ही सगळ्यांनी एकदम दाराकडे पाहिलं. पावलं आमच्या दारापर्यंत आली आणि न थांबता वरच्या मजल्यावर निघून गेली.