इवाईंचं उताणं विमान

माझ्या लेकीच्या सासऱ्यांइतका बिघाडाला जीव लावणारा माणूस हिंगोली जिल्ह्यातच काय, उभ्या मराठवाड्यात सापडायचा नाही. नीट चालणाऱ्या वस्तूत त्यांना काडीचा रस नसतो. शेजाऱ्याने नवी मोटारसायकल घेतली, हातावर पेढा ठेवला, की पेढा तोंडात टाकून हे विचारणार, "तकलीफ काय हाय?" "काही नाही, नवीच आहे," म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. "चढावर जरा धापा टाकून राहिली," असं कुणी म्हणालंच तर मात्र चेहऱ्यावर अशी काही प्रसन्नता पसरते, की पेढा आत्ता कुठे गोड लागला असावा. आयटीआयात उभी हयात फिटरकाम शिकवून ते निवृत्त झाले. पण निवृत्त फक्त पगारपत्रकातून झाले. गोरेगावात त्यांच्या घरी पाहुणा उंबऱ्याला पाय लावायच्या आत त्याच्या चपलेच्या अंगठ्यापासून हातातल्या घड्याळापर्यंत सगळ्याची प्रकृती विचारली जाते. पाहुण्याची स्वतःची प्रकृती विहीणबाई विचारतात.

आमची शुभांगी बघायला आले तेव्हाची गोष्ट. बैठकीत बसल्यापासून गृहस्थ मान वर करून छताकडे बघत होते. पोहे आले, मुलगी आली, मुलगी बसली, हे वरच. मी मनात म्हटलं, घर आवडलं नाही वाटतं! शेवटी म्हणाले, "पंखा कधीपून कण्हून राहिला?" मी मुलीचा बाप, मी पोह्यांची बशी पुढे सरकवली. शुभांगीच म्हणाली, "दिवाळीपासून. बुश झिजलंय. पप्पांना सांगितलं तर म्हणतात, वारा येतोय ना?" त्यांनी ताडकन मुलाकडे वळून जाहीर केलं, "पसंत हाय." मुलाचं मत अजून कुणी विचारलंच नव्हतं. ते पुढे सोयीने विचारण्यात आलं.

तर असे हे आमचे इवाई. व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात. इवाई हा मानाचा माणूस. त्याची चूक दाखवायची नसते, आणि आपण मुलीकडचे असलो तर त्याच्यापुढे आपली चूक कबूल करायला जिभेला दुप्पट जोर लागतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे घडलं त्यात माझी शोभा एरवीपेक्षा जास्त झाली.

इवाईंचा खरा जीव विमानात. दोन्ही हात पसरले तरी पंख पुरून उरतील एवढं रिमोटवरचं ग्लायडर ते घरच्या घरी बनवतात. त्याला इंजिन नसतं. "इंजिन लावलं की कढईबी उडंल," हे त्यांचं मत. माळावर लांब रबरी दोरी ताणून गोफणीतल्या दगडासारखं ते सोडायचं आणि मग घारीसारखं वाऱ्यावर तरंगत ठेवायचं. सुनेचा हात नाजूक कामाला बरा म्हणून पंखांच्या पातळ फासळ्या शुभांगीने कापल्या. सासरा-सून दोन हिवाळे त्यावर वाकून बसले होते. आणि या विमानात नवी गंमत होती: खालचं चाक उडाल्यावर पोटात जायचं आणि उतरताना बाहेर यायचं. "एवढी उठाठेव कशाला? राहू द्यावं चाक बाहेर," असं मी एकदा म्हणालो. इवाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "घार पाय लोंबकळत ठिवून उडताना पायली का तुमी?" मी हायस्कुलात मराठी शिकवतो. माझी यंत्रविद्या पेनात रिफिल घालण्यापाशी संपते.

तिथेच थांबलो असतो तर हा लेख झाला नसता. डिसेंबरात चार दिवस गोरेगावला गेलो होतो. लेकीच्या घरी आयतं बसून खायचं म्हणजे बापाला कसंसंच होतं. हातून काहीतरी काम व्हावं असं वाटत राहतं. पहिल्या दिवशी दुपारी सगळे जरा आडवे झालेले. मी खोलीत जाऊन विमानाचं चाक बोटाने आत-बाहेर करून पाहिलं. बारीक कुई आली. माझ्या डोक्यावर मोजून घ्यावेत इतकेच केस आहेत, तरी प्रवासात खोबरेल तेलाची बाटली सोबत असते. ती आणली आणि चाक ज्या दांडीवर सरकतं तिच्या नळीत हात न आखडता ओतली. कुई थांबली. आपण इवाईंच्या घरी काहीतरी दुरुस्त केलं, या आनंदात मी झकास झोप काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाक हलेना. इवाईंच्या अंगात तेजच संचारलं! त्यांनी कान पोटाला लावला, बॅटरी मोजली, वायरी एकेक करून वेगळ्या केल्या. चाक पोटाच्या दारात कुठे घासतंय ते कळावं म्हणून चाकाला हळद फासली. मी ती पूजा समजून नमस्कारही करून घेतला. भिंतीवर खडूने संशयितांची यादी झाली: बॅटरी, वायर, मोटर, दार. दुपारी सगळं पुन्हा जोडलं, तर चाक लोण्यासारखं आत-बाहेर. "अरे, चालून राहिलं की!" इवाई हिरमुसून म्हणाले. तिसऱ्या सकाळी पुन्हा ठप्प, दुपारी पुन्हा सुरळीत. "सकाळी हट्ट करतंय आन् दुपारी शहाणं होतंय," इवाई कपाळ चोळत म्हणाले, "काहून?" शेवटी गारठ्याने बॅटरी मंदावते असा निकाल लागून बॅटरी बदलली. तेलाचा विषय माझ्या मनालाही शिवला नाही. तेलानं वस्तू सैल होते, एवढंच मला ठाऊक.

चौथ्या सकाळी विमान अंगणातल्या उन्हात ठेवून सगळ्यांचा चहा झाला. चाक छान हललं. सासरा-सून विमान घेऊन माळावर गेले. मी आंघोळ करून मागून जायचं ठरलं. बाहेर येतो तर विहीणबाई माझी तेलाची बाटली ओट्यावर ठेवत होत्या. मला म्हणाल्या, "इवाई, जरा दम धरा. तेल पार गोठलंय. उन्हात ठिवलंय."

बाटलीतल्या पांढऱ्या गोळ्याकडे मी बघत राहिलो. सकाळी हट्ट. दुपारी शहाणपण. नळीतही हेच गोठत होतं! ओल्या डोक्याने, पायात सापडल्या त्या चपला घालून, मी माळाकडे धावत सुटलो. धावलो म्हणजे निघालो धावत. निम्म्या वाटेत माझी चाल पाहून एका म्हशीने सहानुभूतीने वाट दिली.

पोचलो तेव्हा विमान वर होतं. एका घारीच्या मागे, तिला उचलणाऱ्या वाऱ्यातच घिरट्या घालत होतं आणि पोट गुळगुळीत, चाकाचा पत्ता नाही. इवाई रिमोटची कळ पुन्हा पुन्हा दाबत होते. शुभांगी धावत माझ्याकडे आली. "पप्पा, चाक अडकलं! वर गार वाऱ्यात गेलं तसं अडकलं." खाली सगळा मुरमाड माळ. पोटावर उतरवलं असतं तर पापडासारखं ते पोट आणि दोन हिवाळ्यांच्या फासळ्या तिथेच वेचाव्या लागल्या असत्या. घारीने साथ सोडली की विमान खाली येणार.

"इवाई," मी म्हणालो. "त्या नळीत खोबरेल आहे."

"काय हाय?"

"खोबरेल तेल. मी घातलं. कुई करत होतं म्हणून."

शुभांगीने डोळे मिटून घेतले. इवाईंची नजर आभाळातून हलली नाही. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तीच, पेढ्यानंतरची प्रसन्नता पसरली. "आता बराबर! तीन दिस झाले, डोकं फुटायची पाळी आलती. खोबरेल!"

"मामा," शुभांगी सासऱ्यांना एकदम म्हणाली, "लेकराला तेल लावून उन्हात निजवतात तसं करा. पोटाला ऊन लागू द्या."

इवाईंनी आयुष्यात एवढा आज्ञाधारकपणा कुणाला दाखवला नसेल. अंगठा हलला आणि विमान आभाळात उताणं झालं. पोट उन्हाकडे करून ते गोरेगावच्या माळावर घिरट्या घालू लागलं. एक फेरी, दोन, मध्येच सरळ करून घारीकडून थोडी उंची मागून घ्यायची, पुन्हा उताणं. किती वेळ गेला कुणास ठाऊक, मी श्वास मोजत होतो आणि तेही चुकत होते. "दाबून राहिलो," इवाई म्हणाले. "न्हाई... अजून न्हाई..." आणि उताण्या तान्ह्या पोराने लाथ झाडावी तसं ते इवलंसं चाक टुणकन आभाळाकडे वर आलं!

शुभांगी ओरडली. मीही ओरडलो असं ती सांगते. विमान सरळ झालं, खाली आलं, दोन उड्या मारून मुरुमावरून धावलं आणि उभं राहिलं. इतकं हलकं मला मुलीचं लग्न पार पडलं त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आम्ही तिथेच बसून कापसाने तेल पुसायला घेतलं. आता बोलणी खायला मी तयार होतो, पण इवाईंनी नुसता कापूस उचलला. कापूस त्यांच्या बोटांत ठरत नव्हता. आधी वाटलं, घाबरल्याने असेल. मग दिसलं, ही आजची थरथर नाही. कारण तो हात मांडीखाली सरकवायची त्यांना सवय होती, आणि सरकवताना सुनेचं लक्ष नाही ना, हे ते आधी बघत होते. फासळ्या तिने का कापल्या, ते मला तेव्हा कळलं. मी दोघांच्या मधे सरकून बसलो आणि त्यांच्या हातातला कापूस घेतला.

शुभांगी पंख तपासत गुणगुणत होती. "पलीकडून पुसा, इवाई," ते हळूच म्हणाले. "मी सांगतो तसं."

मी पुसत राहिलो. ते सांगत राहिले. उन्हं चांगली वर आली होती, पण घरी जायची घाई आम्हा दोघांनाही नव्हती.