वर्गणीतला खलनायक

बहिणीच्या जिवाला धोका होता, तिच्या रक्षणासाठी लोकांनी प्रचाराच्या वर्गणीतून पैसे मंजूर केले, आणि त्या पैशातून मी झाडीपट्टीच्या नाटकातला खलनायक आणला. दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत.

धाकटी बहीण जिल्हा परिषदेला अपक्ष उभी होती. नदीतून रेती चोरून नेणाऱ्यांविरुद्ध ती गावोगावी बोलत होती. प्रचाराच्या चौथ्या दिवशी रेतीचा एक टिप्पर आमच्या भाड्याच्या जीपला इतका घासून गेला की जीप नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, पाळीवरून खाली उतरली. तिच्या मनगटाला मुका मार लागला. मला काहीच झालं नाही, पण 'मेलो मेलो' मीच ओरडलो, आणि तेही जीप उतरायच्या आधी. ठाण्यात अर्ज दिला. "माणूस मोकळा झाला की पाठवतो," म्हणाले. ऐन निवडणुकीत पोलीस खात्यातला माणूस मोकळा कधी होणार?

त्या दिवसापासून मला चैन पडेना. जेवताना टिप्परचा आवाज आला की मी घास हातात धरून दारात. बहीण म्हणे, "बस ना दादा, गिट्टीचा होय तो." तिला आवाजावरून रेती आणि गिट्टी वेगळी कळायची. मला सगळे टिप्पर रेतीचेच वाटत, आणि सगळे आमच्याच घराकडे येणारे.

प्रचाराचा पैसा लोकांचा होता. कुणी धानाचा कट्टा आणून टाकला, बचत गटाच्या बायांनी रोख दिले. सांभाळायला तो माझ्याकडे होता, कारण मी निवृत्त कारकून. ज्याचं अक्षर सरळ त्याची अक्कलही सरळ, असा आमच्या गावाचा समज आहे. यातून रक्षक ठेवू या, असं मी बैठकीत म्हटलं तेव्हा बहीणच उसळली.

"लोकायनं पैसा पत्रकासाठी दिला, गाडीसाठी दिला. माह्या अंगासाठी नाही दिला. उद्या म्हणतील, निवडून यायच्या आधीच बाई साहेबीण झाली."

तिचं बरोबरच होतं. मग बचत गटाची अध्यक्ष, आमच्याबरोबर रोज जीपमध्ये फिरणारी काकू, पदर खोचत म्हणाली, "तू नाही राहिली त मत काय तुह्या फलकाले देऊ? मी दिलेल्या पैशाचं मी सांगतो. ठेव माणूस." माझ्याकडे वळून म्हणाली, "पण सोच-समझके ठेवजो. धडाचा पाहून."

दुसऱ्या दिवशी गोंदियात एका एजन्सीत गेलो. "दो बंदे रहेंगे, खाना आपका, आना-जाना आपका," खुर्चीतला माणूस म्हणाला आणि त्याने रोजचा भाव सांगितला. भाव ऐकून मी नमस्कार केला आणि बाहेर आलो. लोकांचा पैसा वाचवायचा, हे तर होतंच. पण खरं सांगायचं तर बैठकीत कुणीतरी 'वा गुरुजी, स्वस्तात काम केलं' म्हणावं, ही हाव जास्त होती. मी गुरुजी नाही, तरी लोक खूश झाले की म्हणतात.

बाहेर चहाच्या टपरीवर दुसरा कप पिताना मला तो आठवला. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकातला खलनायक. साडेसहा फुटांचा वाटायचा. तो असा काही हसला होता की तिसऱ्या रांगेत मी पाय वर घेऊन बसलो होतो. म्हटलं, ज्याला पाहून मी घाबरतो त्याला रेतीवाले घाबरणार नाहीत? जगाची भीती स्वतःच्या भीतीने मोजायची, हा माझा जुना रोग आहे.

फोन केला. तो एजन्सीच्या निम्म्या पैशात तयार झाला. "दिवसा रिकामाच असतो जी," म्हणाला. रात्रभर नाटक करणारा माणूस दिवसा रिकामा म्हणजे काय करत असेल, हे विचारायचं मला सुचलं नाही.

त्याचं रात्रीचं नाटक सौंदडला होतं. सकाळी त्याला तिथून घेतलं आणि बहिणीला सांगितलं, गोंदियाहून माणूस आणला. तिने जीपच्या आरशातून मागे पाहिलं.

"याच्या डोळ्यात काजळ काऊन आहे?"

"रात्रपाळी होती त्याची," मी म्हणालो. एवढं तरी खरं होतं.

पहिल्याच गावात फजिती झाली. जीप थांबली, तो उतरला, आणि बहिणीला हार घालायला आलेल्या बाया तिला ओलांडून त्याच्याकडे गेल्या. एका म्हातारीने त्याच्यापुढे काठी आपटली. "हा तोच ना गा, सख्ख्या भावाचं वावर खाणारा? लाज नाही वाटत?"

तो हात जोडून म्हणाला, "आजी, ते नाटकात होतं."

"नाटकात का होईना, खाल्लं ना!"

अख्खं गाव हसलं. बहीण नाही हसली. जीपमध्ये बसल्यावर तिने मला काही विचारलं नाही, सरळ त्यालाच विचारलं, "भाऊ, तुमाले मारपीट येते का?"

"नाही ताई," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "मी रोज मार खातो. शेवटच्या अंकात."

काकूने कपाळावर हात मारला. त्याला तिथेच परत पाठवलं असतं, पण पुढच्या गावात लोक खोळंबले होते. मी म्हणालो, दिसायला तर आहे ना! या वाक्यावर मी दुपारपर्यंत निभावलं.

दुपारी नदीच्या अंगाचं गाव. राइस मिलच्या अंगणात बहीण बोलत होती. माणसं थोडीच, तीही दूर दूर उभी. मी एक कान भाषणाकडे आणि एक रस्त्याकडे देऊन येरझारा घालत होतो. खलनायक जीपमध्ये तोंड उघडं टाकून घोरत होता. भाषण संपलं आणि एक मोटारसायकल आली. दोघे जण. एकाने बहिणीच्या हातातलं पत्रक घेतलं, वाचलं, शांतपणे चार घड्या केल्या आणि परत तिच्याच हातात ठेवलं.

"ताई, उद्या रेतीघाटाकडच्या गावात जाऊन राहिल्या म्हणे. कायले जाता? रस्ता खराब आहे. आताच त वाचल्या ना नहराजवळ?"

तो हळू बोलत होता, हसत होता. बहिणीने पत्रक मुठीत चुरगळलं, ते मला दिसलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. एक पाऊल पुढे टाकायचं होतं. मी टाकलं, पण मागे. पळतच जीपकडे गेलो आणि काच बडवली.

खलनायक दचकून उठला. आपण कुठे आहोत हे त्याला कळलं नसावं. दार उघडून बाहेर आला आणि पोटातून गरजला, "कोण आहे रे तिकडे!"

मिलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. दोघेही चपापले. त्या एका क्षणापुरता गोंदिया जिल्ह्यात माझ्याएवढा हुशार माणूस नव्हता.

मग त्यातला एक ओरडला, "अरे! भाऊ, तुमीच ना? एक फोटो त पायजे बाप्पा!" आणि ज्या हाताने पत्रकाच्या घड्या घातल्या तोच हात खलनायकाच्या खांद्यावर पडला. मोबाइल त्यांनी माझ्या हातात दिला. आणि मी फोटो काढला. दोन काढले, पहिला हलला म्हणून.

जाताना पत्रकाच्या घड्या घालणारा बहिणीकडे पाहून म्हणाला, "ध्यानात ठेवजा ताई."

मोटारसायकल गेली. मग दूर उभ्या असलेल्या बायांतल्या दोघी-तिघी जवळ आल्या. काकू त्यांना म्हणाली, "उद्या घाटाकडे आमच्या गटाच्या सगळ्या जणी पायी जातो. तुमी येता का?" त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "येतो."

बहिणीने चुरगळलेलं पत्रक सरळ करून गठ्ठ्यात ठेवलं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "या भाऊले आजचे पैसे दे अन् घरी सोडून दे. वर्गणीतले नाही द्यायचे. तुह्या पेन्शनमधले दे."

"माह्या कायले?" मी भडकलो. "काम त्याचं होतं. ऐन वेळेवर झोपून राहिला तो!"

"तो झोपून होता, दादा," ती म्हणाली. "तू त जागा होता ना?"