आजोबांचे दोन कागद

२०१७ साली कॅनडात, नॉर्थ यॉर्कमध्ये आमच्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये दर रविवारी सकाळी एक मराठी गृहस्थ भेटायचे. कपडे मशीनमध्ये टाकले की ते बाकावर बसून मांडीवरची प्लास्टिकची फाइल उघडत. देवपूजेलाही कुणी इतक्या भक्तीने बसत नसेल. मी त्यांचं नाव कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं नाही.

त्यांचे आजोबा पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मले होते. आजोबांचा जन्मदाखला दाखवून आधी बाबांची आणि मग आपली नोंद लिस्बनला करायची, की पोर्तुगालचं नागरिकत्व मिळतं, हे त्यांनी मला आपणहून समजावलं. कॅनडाची पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, खिशात होतीच. "बॅकअप असावा हो," म्हणाले.

एकदा त्यांनी फाइलमधून एक लॅमिनेट केलेला कागद बाहेर काढला. ते आजोबांचं स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र होतं. पोर्तुगीजांना घालवण्यासाठी आजोबांनी ऐन तारुण्यातली तीन वर्षं तुरुंगात काढली होती.

"ह्याच्यावर कोट्यातून मला इंजिनिअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली," ते कौतुकाने म्हणाले. "आता मात्र फाइलमध्ये नको. चुकून तिकडे गेलं तर उगाच प्रॉब्लेम."

त्यांनी ते प्रमाणपत्र बाकावर ठेवलं आणि त्याच्यावर साबणाची गळकी बाटली ठेवली. मी तिकडेच बघत राहिलो, तेव्हा मला धीर देत म्हणाले, "काळजी करू नका, लॅमिनेट केलंय. पुसलं की झालं."